नाक्यावरचं लाल ऊन

१

नागझरवाडीच्या दूध सोसायटीतलं लाल ऊन चोरीला गेलं, तो दिवस मंगळवार होता.

ऊन कसं चोरीला जाईल, असं कुणीही विचारेल. मुलांनी आरडाओरडा केला तेव्हा सोसायटीचे सचिव आबाराव यांनीही तेच विचारलं. त्यांच्या हातात दुधाचं माप होतं आणि तोंडात सुपारी.

"ऊन चोरलं? मग चोराला म्हणावं, सगळंच घेऊन जा बाबा. लई तापायलंय."

पण मुलं खरं सांगत होती.

सोसायटीची इमारत म्हणजे निजामाच्या अमलातला करोडगिरी नाका, त्या काळची जकात चौकी. शेजारच्या मुरूम गावाहून येणाऱ्या रस्त्यावर उभी, दगडी, बुटकी आणि एकाच दाराची. त्या दारावर मात्र एक अर्धगोल खिडकी होती आणि तिच्यात पाच रंगीत काचा, उघडलेल्या पंख्यासारख्या. गावात असं सांगत की, एका काचवाल्या व्यापाऱ्याची गाडी नाक्यापाशी मोडली आणि नमुन्याची पेटी तो तिथंच सोडून गेला. नाकेदार हौशी होता. त्यानं त्या नमुन्यांतून खिडकी करून घेतली. म्हणून पाच काचा पाच जातींच्या.

मुलांनी त्यांना आपली नावं ठेवली होती. पहिली निळी, अंगभर लाटा असलेली; ती तळ्याची. दुसरी हिरवी, तांबटानं हंडा ठोकावा तशी खळग्या-खळग्यांची, ती हंड्याची. चौथी पिवळी, पोटात बारीक बुडबुडे अडकलेली, ती सोड्याची. पाचवी पांढुरकी, धुरकट रेघांची, जिच्यातून पलीकडचं काहीच दिसत नसे, ती ताकाची. आणि मधली, तिसरी, लाल आणि गुळगुळीत. तिच्यावर आठ पाकळ्यांचं पांढरं फूल कोरलेलं होतं. त्यातल्या सात पाकळ्या सारख्या आणि एक आखूड. कोरणाऱ्याचा हात घसरला असावा. ती फुलाची.

सूर्य वर आला की पाची काचांचं ऊन फरशीवर उतरे. तळ्याच्या काचेचं ऊन हलतंय असं वाटे, हंड्याच्या काचेचं चुरा सांडल्यासारखं दिसे, सोड्याच्या काचेच्या उन्हात ठिपके असत, आणि ताकाच्या काचेखाली नुसता मऊ उजेड. मधोमध लाल ऊन, त्यात पांढरं फूल. दूध घालायला आलेली मुलं ते फूल तळहातावर झेलायला भांडत.

त्या मंगळवारी निळं होतं, हिरवं होतं, पिवळं होतं. मधोमध साधंच, रोजचं, पांढरं ऊन पडलं होतं.

सगळ्यांनी माना वर केल्या. लाल काचेच्या जागी आभाळ दिसत होतं.

२

सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब आले ते आधीच रागावलेले होते. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात स्वतःचा फोटो.

शहाऐंशीचा उन्हाळा होता तो. लागोपाठ दुसरा पाऊस हुकला होता. कडबा संपत आला होता, विहिरी आटल्या होत्या, प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. जनावरं जगवायची म्हणून सोसायटीनं सरकी पेंडीचा ट्रक मागवला होता. तो बुधवारी यायचा होता, आणि ज्याच्याकडं फोटोचं कार्ड असेल त्यालाच पेंड मिळणार होती. म्हणून सोमवारी दुपारी मुरूमचा फोटोग्राफर वीरप्पा याला बोलावून, नाक्याच्या खोलीत भिंतीला पांढरी चादर लावून, सगळ्या सभासदांचे फोटो काढले होते. रात्री वीरप्पा गावातल्या मठाच्या मागच्या खोलीत राहिला, तिथं खिडक्या झाकून त्यानं फोटो तयार केले. पहिले काही फोटो त्यानं सकाळीच आणून दिले होते.

"ही बघा माझी शोभा!" आण्णासाहेबांनी फोटो सगळ्यांपुढं धरला. "गालावर हे काय?"

गालावर दोन काळपट डाग होते, शेजारी शेजारी. एक लांब, एक आखूड.

"उन्हाचा डाग असतोय साहेब," वीरप्पा फोटोच्या पिशवीकडं बघत म्हणाला. "उन्हाळ्यात येतोय कवाकवा."

"खोलीत बसवून फोटो काढलास अन् ऊन कुठलं?"

एवढ्यात मुलांनी वरचं भोक दाखवलं, आणि आण्णासाहेब गाल विसरले. ती खिडकी त्यांची फार लाडकी होती. पाहुणा कुणीही येवो, कलेक्टर येवो की जावई, आधी तो दाराखाली उभा राहून मान वर करून खिडकी बघणार, मग चहा.

"काल शिडीवर कोण चढलं होतं?"

"म्या," भिमाबाई म्हणाल्या. त्या सोसायटीत झाडलोट करायच्या, भांडी धुवायच्या. "फोटोच्या आदी काचंवरची धूळ पुसली. पर पाची काचा जागंवर ठेवून उतरले, सायेब."

आबाराव मागच्या बाजूला गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांच्या रुमालात लाल काचेचा एक तुकडा होता.

"उकिरड्यावर सापडला. भिमाबाईनं काल सांजच्याला टाकलेल्या केरात."

भिमाबाईंचं तोंड पांढरं पडलं.

"म्या झाडलं, टाकलं. केरात काय काय येतंय, कोन बघत बसतंय? पर म्या काच फोडली न्हाय. लेकराबाळाची आण घेऊन सांगते."

"फुटली असंल चुकून," आण्णासाहेब म्हणाले. आवाज कडक नव्हता, पण मऊही नव्हता. "मान्य केलं असतं तर मी दोन शब्द बोलून गप बसलो असतो. लपवलं, ते वाईट. संध्याकाळी पंचांची बैठक आहे. तिथं ठरवू."

काय ठरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोसायटीतलं काम गेलं तर भिमाबाईंना दुष्काळी कामावर खडी फोडायला जावं लागणार होतं. सावलीचं नावही नाही तिथं. आणि त्यांचा डावा गुडघा असा, की नाक्याच्या दोन पायऱ्या चढतानाही त्या दाराला धरायच्या; काल शिडीवरही एकेका पायरीला थांबत चढल्या होत्या.

"आण्णासाहेब," दाराशी कुणीतरी म्हणालं, "बैठक संध्याकाळी आहे ना? मग तोवर मला तो तुकडा द्या."

सगळे वळले. दारात उमाबाई उभ्या होत्या, हातात दुधाचा तांब्या घेऊन.

३

उमाबाई मुरूमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर माहेरच्या गावी, नागझरवाडीत, येऊन राहिल्या. आबाराव त्यांचे विद्यार्थी, वीरप्पा त्यांचा विद्यार्थी, गावचा सुतार ज्ञानोबा त्यांचा विद्यार्थी. एकालाही सरळ रेघ आली नव्हती, असं त्या प्रेमानं सांगत. सकाळी दुधाच्या रांगेतल्या मुलांना त्या खिडकीतलं फूल फरशीवर खडूनं काढायला लावत. आठही पाकळ्या सारख्या काढल्या की म्हणत, "नीट बघा. डोळ्यांनी बघा, सवयीनं नको."

आता त्यांनी मुलांना पायरीवर बसवलं. भिमाबाईही एका कडेला टेकल्या, पदर तोंडाला लावून.

"रडू नका भिमाबाई. आधी बघू तरी, हा तुकडा काय म्हणतोय."

त्यांनी तुकडा पांढऱ्या बशीत ठेवला. बोटभर लांब, जाड. बशीत तो सपाट बसेना. पाळण्यासारखा डुलत राहिला.

"हा डुलतोय का रे?"

"वाकडा हाय बाई. वाटीच्या काठावानी," एक मुलगी म्हणाली.

"शाबास. आणि आता कडेनं बघा. जिथं तुटलाय तिथं रंग कसा आहे?"

एकेकानं डोळा बारीक करून पाहिलं. तुटलेली कड लालच होती, या पृष्ठापासून त्या पृष्ठापर्यंत.

उमाबाईंनी भिमाबाईंना विचारलं, "घरात भाजी काय आहे?"

भिमाबाईंना वाटलं, बाईंना उन्हाचं काहीतरी झालं. "एक वांगं आसंल बाई. वाळल्यालं."

"ते आणा. आणि आबारावांच्या घरी परसात बीट आहे. सांडपाण्यावर जगवलंय त्यांनी. एक मागून आणा रे कुणीतरी, चोरून नको."

वांगं आलं, बीट आलं. उमाबाईंनी दोन्ही कापली.

"हे वांगं. वरून जांभळं, आत?"

"पांढरं!"

"बीट?"

"आतपर्यंत लाल!"

"काचेच्याही अशाच दोन जाती असतात. एक बिटाची. भट्टीतच रंग मिसळलेला, कुठंही तोडा, आतपर्यंत तोच. दुसरी वांग्याची. मुळात साधी बिनरंगी काच, आणि तिच्यावर रंगीत काचेची पातळ साल चढवलेली. जुनी लाल काच खूपदा अशीच करत, कारण जुन्या रीतीचा लाल रंग जाड थरात काळाच दिसे, उजेड पुढं जात नसे. आता सांगा, आपली फुलाची काच कुठली?"

मुलांनी सवयीनं माना वर केल्या. वर बघून उपयोग नव्हता, काच तिथं नव्हतीच.

"फुलाचा विचार करा. ते पांढरं कसं झालं असेल?"

मघाची मुलगी वांग्याच्या फोडीकडं बघत होती. तिनं नखानं वांग्याची साल खरवडली. खाली पांढरा ठिपका उमटला.

"साल खरडली की पांढरं फूल!" ती ओरडली. "आपली काच वांग्याची, बाई!"

"म्हणजे आपली काच फुटली असती तर तिची कड कशी दिसली असती?"

"पांढरी! वर नुसती लाल रेघ!"

"आणि आपली काच सपाट. हा तुकडा बाकदार." उमाबाई भिमाबाईंकडं वळल्या. "हा तुकडा या खिडकीचा नाही. तुम्ही खिडकीची काच फोडलेली नाही, हे बशीतच दिसतंय."

भिमाबाईंनी पदर खाली घेतला. पण आबाराव दारातून सगळं ऐकत होते, आणि ते म्हणाले, "बाई, तुमचं खरं मानलं. ही काच दुसरी. पण मग आपली काच कुठाय?"

४

प्रश्न बरोबर होता. उमाबाईंनी आबारावांनाच पहिल्यांदा समोर बसवलं.

"आबाराव, ही खिडकी काढून साधी काच बसवा, असं तुम्ही किती दिवस म्हणताय?"

"लपवायचं काय त्यात? पहिल्या बैठकीपासून म्हणतोय!" आबाराव उसळले. "अहो, दूध तपासायचं ते पांढऱ्या उजेडात. इथं म्हशीचं दूध हिरवं दिसतंय, गाईचं लाल. परवा एक म्हातारी मला म्हणाली, माझ्या म्हशीला रोग झालाय का? पण मी काढली असती तर पाची काढल्या असत्या. एक काढून माझं काय भागलं?"

"काल संध्याकाळी कुलूप तुम्ही लावलंत?"

"मीच. पण मधी टँकर आला. फोटो संपत आले होते. हॉर्न वाजला, तशी सगळी खोली उठून पळाली. मीपण पळालो. कुलूप तसंच लटकत ठेवून. पाणी भरून आल्यावर भिमाबाईनं झाडलं, मग लावलं."

"आणि तेव्हा वर बघितलं नाहीत?"

"दिवेलागण झाली होती. अंधारात सगळ्याच काचा काळ्या."

ज्ञानोबा सुतार आपणहोऊनच आला. शिडी त्याची होती. चादर टांगायला आणली होती ती अजून तिथंच भिंतीला टेकून होती.

"बाई, आधीच सांगतो. ती लाल काच म्या मागितली होती. पोरीच्या देव्हाऱ्याला बसवावी म्हणून. आण्णासाहेबांनी सगळ्यांदेखत न्हाय म्हणलं. आता समदं गाव माझ्याकडं बघायलंय. पर टँकर आला तवा म्या शिडी सोडून घागर घेऊन पळालो. आमची मंडळी साक्षीला हाय, तिनंच घागर डोक्यात घातली असती न्हायतर."

"तुझ्यावर कोण म्हणतंय? वर चढ आणि सांग, काच कशी काढलीय."

ज्ञानोबा चढला. काचेभोवती लाकडाच्या बारीक पट्ट्या असत, खिळ्यांनी ठोकलेल्या. त्या पट्ट्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं निजवून ठेवल्या होत्या.

"सुताराचं काम न्हाय हे," तो वरूनच म्हणाला. "पट्टी चमच्यानं उचकटल्यागत दिसतीय. पर एकबी मोडली न्हाय. अन् खिळे..." तो खाली उतरला. त्याच्या हातात कागदाची पुडी होती. "खिळे पुडीत बांधून ठेवलेत!"

पुडीचा कागद जाड आणि कोळशासारखा काळा होता, दोन्ही अंगांनी. मुलांनी असा कागद पाहिला नव्हता. पतंगाचा नव्हे, तेरखेड्याच्या फटाक्यांना गुंडाळतात तसला नव्हे, वाण्याच्या पुडीचा तर नव्हेच.

उमाबाईंनी खिळे तळहातावर ओतले आणि पहिल्यांदाच हसल्या.

"भिमाबाई, चोर खिळे जपून ठेवतो का हो?"

"चोराला काय करायचंत खिळं?"

"मग हा चोर नाही. याला ही काच परत आणून बसवायची आहे."

"मग नेली कशाला?" ज्ञानोबानं विचारलं.

"तेच तर. माणूस काचेचं काय करतं? एक तर काचेकडं बघतं, नाहीतर काचेतून बघतं. किंवा," त्या फरशीवरच्या निळ्या उन्हाकडं बघत थांबल्या, "किंवा तिच्यातून उजेड घेतं."

मग त्यांनी आण्णासाहेबांकडं माणूस पाठवला. निरोप एवढाच होता: गालावरच्या डागाचा फोटो घेऊन या, आणि ज्यांना ज्यांना फोटो मिळालेत त्यांनाही घेऊन या.

५

दुपारपर्यंत फोटो गोळा झाले. उमाबाईंनी ते सोसायटीच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

काही स्वच्छ होते. काहींवर डाग होते. आण्णासाहेबांच्या गालावर, एका सभासदाच्या टोपीवर, एका आजींच्या नथीशेजारी. जागा वेगळी, पण डाग तोच. दोन काळपट थेंब, एक लांब, एक आखूड.

"उन्हाचे डाग सगळ्यांना एका मापाचे कसे येतात?" उमाबाईंनी विचारलं.

आण्णासाहेबांनी चष्मा चढवला. "शिक्का मारल्यागत दिसतंय."

वाचणाऱ्यांनी इथं घटकाभर थांबायला हरकत नाही. उमाबाईंना जेवढं दिसलं तेवढं सगळं सांगून झालं आहे: बाकदार तुकडा, काळा कागद, जपलेले खिळे, टँकरचा हॉर्न, आणि हे दोन थेंब.

उमाबाईंनी खडू घेतला आणि मुलांना म्हणाल्या, "फुलाच्या काचेवरचं फूल काढा. जिथं रोज पडायचं तिथंच."

मुलांनी फरशीवर फूल काढलं. सात पाकळ्या सारख्या, एक आखूड. आता ती चूक कुणीच केली नाही.

"आता आखूड पाकळी आणि तिच्या शेजारची, या दोन ठेवा. बाकीच्या पुसा."

भिमाबाईंनीच ओल्या फडक्यानं सहा पाकळ्या पुसल्या. फरशीवर दोन थेंब राहिले. एक लांब, एक आखूड.

आण्णासाहेबांनी फरशीकडं बघितलं, मग फोटोकडं, मग नकळत स्वतःच्या गालाला हात लावला.

"म्हणजे आपली खिडकी माझ्या तोंडावर?"

"वीरप्पाला बोलवा," उमाबाई म्हणाल्या.

६

वीरप्पा आला तो पिशवी पोटाशी धरून. बैठकीला जमलेले पंच, ज्ञानोबा, आबाराव, मुलं, आणि दाराशी भिमाबाई, असे सगळे पाहून त्याचे पाय उंबऱ्याशीच अडले.

"ये, बस," उमाबाई म्हणाल्या. "फोटोचा कागद उजेडात काळा पडतो. म्हणून तो अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्यातच हाताळावा लागतो. लाल उजेड त्याला जाळत नाही. बरोबर?"

"बरोबर अव्वा." कानडी वळणानं तो बाईंना अव्वा, म्हणजे आई, म्हणे.

"तुझा लाल दिवा कसला रे?"

वीरप्पानं खाली मान घातली. "रेल्वेच्या गार्डाचा जुना कंदील. बाजारात घेतला होता. आत टॉर्चचा बल्ब बसवलाय."

"गार्डाच्या कंदिलाची काच बाकदार असते. जाड, आणि आतपर्यंत लाल. बिटासारखी." त्यांनी बशीतला तुकडा पुढं केला. तो अजून डुलत होता. "ही तिचीच ना?"

वीरप्पानं पिशवी आणखी घट्ट पोटाशी धरली.

"काल टँकरचा हॉर्न झाला आणि माणसं पळाली. कुणाचा तरी हंडा तुझ्या कंदिलाला लागला. काच फुटली. तू तुकडे कोपऱ्यात सारलेस, ते पुढं भिमाबाईंच्या केरात गेले. टँकर आला की या गावात आत कुणी राहत नाही. आबाराव कुलूप सोडून पळाले, ज्ञानोबा शिडी सोडून पळाला. राहिला कोण? ज्याची इथं घागर नाही तो. मुरूमचा पाहुणा."

आबारावांनी कपाळावर हात मारून घेतला.

"शिडी समोर, खोली रिकामी, आणि डोक्यावर लाल काच. तू पट्ट्या काढल्यास, खिळे तुझ्याच फोटोकागदाच्या वेष्टनात बांधलेस, म्हणजे परत बसवताना सापडावेत. काच मठात नेऊन दिव्यापुढं उभी केलीस. पण फूल पांढरं. त्यातून पांढरा उजेड येणार. म्हणून फुलावर काळा कागद चिकटवलास."

"खळीनं चिकटवला होता अव्वा," वीरप्पा एकदम कळवळून म्हणाला. "उकाड्यानं खळ सुटली. कागद जरासा घसरला, मला कळलंच न्हाय. दोन पाकळ्या उघड्या पडल्या. बल्ब बारका, त्यामुळं पाकळीचा आकार जसाच्या तसा उमटला. यप्पा, आण्णासाहेबांच्याच गालावर उमटायचा होता काय!"

मुलं खुदखुदली. आण्णासाहेबांनी टेबलावर हात आपटला.

"अरे, पण विचारायचं होतंस!"

"विचारलं की साहेब!"

आण्णासाहेब टेबलावर पुढं झुकले.

"कधी?"

"टँकरपाशी. तुम्ही रांग लावत होता. एका हातानं बायकांना थांबवत, एका हातानं नळी धरून. म्या म्हणलं, साहेब, काच फुटली, लाल काच मिळाल्याबिगर फोटो होत न्हाईत, सोलापूरला जावं लागंल. तुम्ही म्हणला, 'कसलं सोलापूर? दिसंल ती काच घे, पण उद्या फोटो पाहिजेत!' मी परत आलो, वर बघितलं. दिसली."

आण्णासाहेबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांना आठवलं. नळी आठवली, गर्दी आठवली, आणि कानाशी किरकिर करणारा कुणीतरी आठवला. पहिल्यांदा आबाराव हसले, मग ज्ञानोबा, मग पंच. शेवटी आण्णासाहेबही.

उमाबाई मात्र हसल्या नाहीत.

"वीरप्पा, काच नेलीस, ती गोष्ट लहान. फोटो झाले नसते तर पेंड वाटता आली नसती, हे मलाही कळतं. पण सकाळी तू इथंच होतास. भिमाबाईंचं काम जायची वेळ आली तेव्हा तू पिशवीत काय बघत होतास?"

वीरप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "भ्यालो अव्वा. वाटलं, सांजच्याला गुपचूप बसवून टाकू, मग समदे आपोआप गप होतील."

"काच बसली असती. भिमाबाईंच्या अंगावरचा डाग कोण पुसणार होतं?"

वीरप्पा उठला. पिशवीतून त्यानं टॉवेलात गुंडाळलेली लाल काच काढली. ती आण्णासाहेबांपुढं ठेवली नाही. दाराशी गेला आणि भिमाबाईंच्या हातात दिली.

"चुकलं माझं, भिमाबाई."

भिमाबाईंनी काच उजेडासमोर धरून चारी कोपरे तपासले, मगच बोलल्या. "पुसायची तरी व्हती रं. खळ लागलीय."

आण्णासाहेब खाकरले. सगळ्या पंचांसमोर उभं राहून बोलायची त्यांना सवय होती, पण त्या दिवशी त्यांनी आधी चष्मा काढून पुसला. "भिमाबाई, माझंही चुकलं. तुकडा बघितला अन् तुमच्याकडं बघितलंच नाही. बैठकीत काय ठरवायचं ते एवढंच: काम तुमचं आहे, तुमचंच राहील."

"लिहून घ्या म्हणावं सचिवांना," भिमाबाई म्हणाल्या. आबाराव पेन शोधायला लागले.

७

बुधवारी सकाळी ज्ञानोबानं त्याच पट्ट्या, त्याच खिळ्यांनी ठोकल्या. काच वर देताना भिमाबाईंनी शिडी धरली, आणि मुलांनी भिमाबाईंना. सूर्य वर आला. फरशीवर तळं हललं, हंडा चमकला, सोड्याचे ठिपके उमटले, आणि मधोमध लाल ऊन पडलं, आठ पाकळ्यांसकट. मुलांनी ठरवलं होतं की पहिला मान भिमाबाईंचा. त्या लाजल्या, पण फुलाखाली तळहात धरलाच.

दूध तपासायची जागा त्याच दिवशी खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, साध्या उजेडात नेली. आबाराव इतके खूश झाले की त्यांनी उमाबाईंना आणखी एक बीट पाठवलं.

दुपारी पेंडीचा ट्रक आला. वीरप्पानं बाकीचे फोटो स्वच्छ करून दिले होते. डागाचे फोटोही पुन्हा करायला तो तयार होता, पण ते कार्डांवर खळीनं चिकटवून, शिक्के मारून झाले होते आणि बैल हंबरत होते. थांबायला कुणालाच वेळ नव्हता. चेअरमनलाही रांग चुकली नाही.

आण्णासाहेबांचा नंबर आला. त्यांनी कार्ड पुढं केलं. आबारावांनी कार्ड बघितलं, साहेबांचा गाल बघितला, परत कार्ड बघितलं.

"माणूस तोच दिसतोय, पण फूल कुठाय?"

रांग हसून हसून वाकडी झाली. आण्णासाहेब कार्ड खिशात घालायला लागले, तेवढ्यात बादली घेऊन भिमाबाई बाजूनं चालल्या होत्या. त्या थांबल्या. ओलं फडकं पिळलं आणि हात पुढं केला.

"द्या हिकडं सायेब, पुसून देते. त्या फुलावरची धूळ म्याच पुसते की."